नावातून गेलेला ‘विद्यार्थी’

१२ मे १९१७ रोजी मुंबईत जे तरुण एकत्र आले, त्यांचे शिक्षण संपलेले होते. सर ज. जी. कलाशाळेच्या, म्हणजे जे. जे. च्या, वास्तुकला वर्गातून ते बाहेर पडले होते. तरीही आपल्या मंडळाला त्यांनी नाव दिले ‘आर्किटेक्चरल स्टुडंट्स असोसिएशन’. आज ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स’ म्हणून देशभर पसरलेल्या आपल्या संस्थेचे हे पहिले नाव. स्मरणिकेसाठी इतिहास लिहायला बसले की पदाधिकाऱ्यांच्या याद्या, अधिवेशनांची स्थळे आणि ठरावांचे ढीग समोर येतात. मी मात्र दर वेळी त्या पहिल्या नावापाशी थांबतो. शाळा सोडलेल्या माणसांनी स्वतःला विद्यार्थी म्हणवून घेतले होते. माझ्या मते संस्थेच्या पुढच्या शंभर वर्षांतले जे काही चांगले आहे, ते या एका शब्दाला धरून आहे.

त्यांना तसे म्हणवून घ्यावेसे का वाटले असेल, हे समजायला त्या काळची शाळा डोळ्यांपुढे आणावी लागते. कलाशाळा १८५७ ची. पण तिथे चित्रकला, शिल्पकला, मातीकाम यांचा वारसा जितका जुना, तितका वास्तुकलेचा नाही. १८९६ मध्ये जो वर्ग निघाला तो ड्राफ्ट्समन तयार करण्यासाठी. सरकारी कचेऱ्यांना आणि साहेबांच्या फर्मना हाताखाली नकाशे काढणारी माणसे हवी होती. साहेबाने कच्चे रेखाटन द्यायचे, यांनी ते टी-स्क्वेअर लावून शाईत पक्के करायचे. १९०८ मध्ये, सरकारचे सल्लागार वास्तुविशारद जॉन बेग यांच्या पुढाकाराने, चार वर्षांचा सलग अभ्यासक्रम आखला गेला. पुढे रॉबर्ट केबल हे पूर्ण वेळचे प्राध्यापक म्हणून आले. म्हणजे १९१७ मध्ये जमलेली ही मंडळी त्या नव्या अभ्यासक्रमाच्या अगदी पहिल्या पिढ्यांतली. हातात कसब होते, पण पुढे शिकायचे तर दार बंद होते. विलायतेला जाऊन परीक्षा देण्याइतका पैसा थोड्यांकडेच होता. मग उरलेल्यांनी काय करायचे? एकमेकांकडून शिकायचे. संघ त्यासाठीच निघाला.

अध्यक्ष म्हणून त्यांनी जॉर्ज विटेट यांना गाठले. विटेट १९०४ मध्ये बेग यांचे सहायक म्हणून मुंबईत आले आणि पुढे त्यांच्याच जागी सरकारचे सल्लागार वास्तुविशारद झाले. संघ स्थापन झाला त्या वेळी प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची त्यांची इमारत उभी राहिली होती, पण महायुद्धामुळे तिचा वापर लष्करी इस्पितळासाठी होत होता. अपोलो बंदरावर गेटवेचा पाया बसवण्यासाठी समुद्र हटवून भराव घालण्याचे काम चालू होते. ती कमान पूर्ण व्हायला १९२४ उजाडले. इतकी कामे अंगावर असलेल्या माणसाने पोरांच्या मंडळाचे अध्यक्षपद घेतले. हे पद शोभेसाठी दिले होते की कामासाठी, हे आज सांगता येणार नाही. पण विजापूरचे घुमट आणि गुजरातच्या जाळ्या अभ्यासून त्यांतून मुंबईच्या इमारती घडवणारा माणूस आपल्या संस्थेचा पहिला अध्यक्ष होता, याचा मला अभिमान वाटतो. विटेट १९२६ मध्ये मुंबईतच वारले. शिवडीच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे.

पुढचे टप्पे भराभर सांगता येतात. १९२२ मध्ये नाव बदलून ‘बॉम्बे आर्किटेक्चरल असोसिएशन’ झाले. १९२५ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्सशी संलग्नता मिळाली. २ सप्टेंबर १९२९ रोजी आजचे नाव धारण करून संस्था नोंदली गेली, तेव्हा सभासद होते १५८. नाव मोठे होत गेले, मुंबईचे देशाचे झाले, आणि ‘विद्यार्थी’ हा शब्द त्यातून निघून गेला. तसे होणे स्वाभाविकच होते. विद्यार्थी संघाकडे कोणी सल्ला मागायला येत नाही, व्यावसायिकांच्या संस्थेकडे येतात. शब्द गेला तरी काम राहिले का, हा खरा प्रश्न आहे, आणि ते राहिले याचे श्रेय मी सर्वांत आधी क्लॉड बॅटली यांना देतो.

बॅटली १९१३ मध्ये हिंदुस्थानात आले आणि १९५६ मध्ये मुंबईतच त्यांचा अंत झाला. ग्रेगसन, बॅटली अँड किंग या फर्मचे ते भागीदार. मुंबई सेंट्रल स्टेशन त्यांचे. आधी भेटीला येणारे अध्यापक आणि मग १९२३ पासून वीस वर्षे जे. जे. मधल्या वास्तुकला शिक्षणाचे ते प्रमुख. त्यांच्या शिकवण्याचा गाभा एका वाक्यात सांगता येईल: जुनी इमारत पाहू नका, मोजा. विद्यार्थ्यांना घेऊन ते दौऱ्यावर निघत. मंदिर, मशीद, वाडा, विहीर, जे समोर असेल त्याला टेप लावायचा, खांबाचा घेर घ्यायचा, कंगोऱ्याची एकेक वळी कागदावर उतरवायची. १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे भारतीय वास्तुकलेच्या रचनेवरचे पुस्तक अशा मोजून काढलेल्या नकाशांवरच उभे आहे.

ज्याने एकदा तरी जुन्या भिंतीला टेप लावला आहे, त्याला यातले मर्म सांगायला नको. डोळ्याला सरळ वाटणारी भिंत टेपला सरळ वाटत नाही. वरच्या मजल्यावर ती पातळ झालेली असते, आणि ती का पातळ झाली हे विचारले की भाराचे सगळे गणित उलगडते. कोनाडा इतकाच का खोल, उंबरा इतकाच का उंच, जिन्याची पायरी शेवटी एक इंच का चुकते, अशी एकेक गोष्ट माप घेताना विचारावीच लागते. आज लेझरचे यंत्र भिंतीवर रोखले की आकडा मिळतो. काम सोपे झाले, त्याबद्दल तक्रार नाही. पण तासन्‌तास भिंतीपाशी उभे राहण्याने जे कळत होते, ते आकड्यात येत नाही. आपल्या संस्थेच्या ठिकठिकाणच्या केंद्रांनी आजवर केलेल्या उपक्रमांतला सर्वांत मोलाचा कोणता, असे मला विचारले तर मी चकचकीत अधिवेशनांचे नाव घेणार नाही. सुट्टीच्या दिवशी आठ-दहा जणांनी एखादा पडायला आलेला वाडा मोजायचा, हा तो उपक्रम. त्यातले बरेच वाडे पडले. त्यांच्या ठिकाणी आता जे उभे आहे, ते आपल्यापैकीच कोणीतरी काढलेल्या नकाशावर उभे आहे. मोजलेला कागद तेवढा उरला.

१९३४ मध्येच संस्थेचे नियतकालिक सुरू झाले. मुंबईत दिलेले व्याख्यान मुंबईबाहेरच्या सभासदाच्या टेबलावर पोहोचण्याची ती पहिली सोय होती. नवी इमारत कोणी कशी केली, तिचा नकाशा काय, हे त्यात यायचे. आज त्याचे जुने अंक चाळणे म्हणजे मुंबईचा कायापालट अंकागणिक पाहणे. बॅकबेच्या भरावावर नवे रस्ते आखले जात होते, ओव्हलसमोर गोलसर सज्ज्यांच्या इमारतींची रांग लागत होती. १९३६ मधली मास्टर, साठे आणि भुता यांची न्यू इंडिया ॲश्युरन्सची इमारत घ्या. ना. ग. पानसरे यांची शिल्पे तिच्या दर्शनी भागावर शेतकरी, विणकर, कुंभार घेऊन उभी आहेत. वीस वर्षांपूर्वी साहेबाचे रेखाटन शाईत पक्के करणाऱ्यांचे धाकटे भाऊ आता स्वतःच्या नावाने शहर घडवत होते. १९३६ मध्येच पेरीन जमशेदजी मिस्त्री जे. जे. मधून पदविका घेऊन बाहेर पडल्या, देशात वास्तुकलेचे शिक्षण पूर्ण करणाऱ्या पहिल्या स्त्री.

आणि मग नोव्हेंबर १९३७. संस्थेने मुंबईच्या टाउन हॉलमध्ये ‘आयडियल होम’ प्रदर्शन भरवले. संस्थेच्या इतिहासातला हा प्रसंग मला सर्वांत जवळचा वाटतो, म्हणून त्यावर थोडा जास्त रेंगाळतो.

टाउन हॉल म्हणजे १८३३ मध्ये पूर्ण झालेली, उंच खांबांची आणि रुंद पायऱ्यांची ती देखणी इमारत. एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय तिथेच. एरवी त्या पायऱ्या चढणारे लोक ठरावीक. त्या नोव्हेंबरात मात्र सुमारे एक लाख माणसे त्या पायऱ्या चढली. आत पाहायला काय होते? खोल्या. पूर्ण मापाच्या, सजवलेल्या: बैठकीची, निजण्याची, जेवणाची, स्वयंपाकघर, न्हाणीघर. राजवाडे नव्हे, मंदिरे नव्हे. घरातली रोजची जागा नीट विचार करून आखली तर कशी होते, हे दाखवणारे प्रदर्शन.

त्या काळातल्या मुंबईकर कुटुंबाला याचा अर्थ काय वाटला असेल? गिरगावातल्या चाळीत एक-दोन खोल्या, बाहेर लांब गॅलरी, टोकाला सामाईक संडास, पहाटे पाण्यासाठी रांग, असे आयुष्य गेलेली माणसे दादर, माटुंगा, शिवाजी पार्कच्या नव्या वस्त्यांकडे डोळे लावून होती. सिमेंट-काँक्रीटने नवे ‘ब्लॉक’ उभे राहत होते. ‘सेल्फ कन्टेन्ड’ हा शब्द मराठी घरांत त्याच काळात रुळला. संडास घराच्या आत असावा की नाही, यावर घरोघरी वाद होते. सोवळे-ओवळे, वास, पाणी कुठे मुरणार, सगळे मुद्दे खरे होते. उभ्याने स्वयंपाक करायचा तर ओटा किती उंच? धूर कुठून जाणार? खाटा मांडल्या तर दिवसा बसायचे कुठे? या प्रश्नांना पुस्तकातून उत्तर देऊन भागत नव्हते. ओट्यापाशी उभे राहून पाहावे लागत होते. प्रदर्शनाने ती संधी दिली.

या खोल्यांभोवती फर्निचरवाले, दिवेवाले, फरशीवाले यांचाही बाजार होता, हे मी विसरत नाही. माल खपवणे हाही हेतू होताच, आणि त्या खोल्यांतले सामान गिरणी कामगाराच्या आवाक्याबाहेरचे होते हेही खरे. तरीही संस्थेने त्या वेळी एक मोठी गोष्ट केली. आर्किटेक्ट म्हणजे श्रीमंतांच्या हवेल्या सजवणारा, ही समजूत तिने शहरासमोर, शहराच्या भाषेत खोडून काढली. शिकणे दोन्ही बाजूंनी झाले असणार. एक लाख माणसे ज्या खोल्यांतून फिरली, त्या आखणाऱ्यांना लोक कुठे थांबतात आणि कुठून सरळ पुढे जातात हे पाहायला मिळाले.

स्वातंत्र्यानंतरचा काळ संस्थेच्या विस्ताराचा. राज्याराज्यांतून शाखा निघाल्या, त्यांच्याखाली गावोगावची केंद्रे आली. महाराष्ट्रात मुंबईबाहेर पुणे, नागपूर, नाशिक अशा शहरांनी आपापली केंद्रे उभी केली. सिंधुदुर्गातल्या आचऱ्यात जन्मलेले अच्युत कानविंदे जे. जे. मधून बाहेर पडले, हार्वर्डला शिकून आले, नव्या देशाच्या प्रयोगशाळा आणि शिक्षणसंस्था त्यांनी उभ्या केल्या, आणि १९७०च्या दशकात ते संस्थेचे अध्यक्षही झाले. त्याच काळात दीर्घ पाठपुराव्याने १९७२ चा आर्किटेक्ट्स ॲक्ट आला. नोंदणी असल्याखेरीज स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येणार नाही असे ठरले. नोंदणी करणाऱ्या कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरवर आपल्या संस्थेने निवडून दिलेले पाच प्रतिनिधी असतील, हेही त्याच कायद्यात आहे.

कायद्याने नाव सांभाळले, शिकणे सांभाळले नाही. ही गोष्ट मला स्पष्ट लिहिली पाहिजे. ब्रिटनमध्ये रॉयल इन्स्टिट्यूटच्या सनदी सभासदाला दर वर्षी किमान ३५ तासांचे शिक्षण दाखवावे लागते. अमेरिकेतल्या आर्किटेक्टांच्या संस्थेचे सभासद वर्षाला १८ शिक्षण-एकके मिळवतात, आणि त्यातली १२ लोकांचे आरोग्य, सुरक्षितता आणि हित यांच्याशी थेट संबंधित विषयांत असावी लागतात. आपल्याकडे नोंदणीचे नूतनीकरण शुल्क भरून होते. पदवी मिळाल्यापासून हात थकेपर्यंत माणूस एकही नवे अक्षर न वाचता आर्किटेक्ट राहू शकतो. म्हणून आपल्याकडे जे कोणी संध्याकाळी साइटवरून थकून, बुटाला सिमेंट तसेच ठेवून, केंद्राच्या व्याख्यानाला येतात ते केवळ ओढीने येतात. या ओढीचे मोल मला तासांच्या हिशेबापेक्षा जास्त वाटते. पण जे येत नाहीत त्यांच्या इमारतींतही माणसेच राहतात, हा विचार मला स्वस्थ बसू देत नाही.

याचे कारण माझ्या स्वतःच्या कामात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीचा भूकंप झाला. आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद, हे त्या भागातले वर्षानुवर्षांचे घर. भिंत दोन पदरांची: आतला दगडांचा पदर, बाहेरचा दगडांचा पदर, मध्ये चिपा आणि माती. दोन्ही पदरांना सांधणारा, भिंतीच्या आरपार जाणारा दगड घातलेला नसला की धक्का बसताच पदर सुटे होतात आणि माळवद खाली येते. हे मला कॉलेजात कोणी सांगितले नव्हते. दगडमातीच्या घरावर आमच्या अभ्यासक्रमात एक धडाही नव्हता. मी हे भूकंपानंतर एका जिल्ह्याच्या गावी, लोखंडी खुर्च्यांच्या सभागृहात, संध्याकाळच्या व्याख्यानात शिकलो. आमच्या चहूबाजूंना हीच घरे होती.

आणि तरीही मी धडा अर्धाच घेतला. काँक्रीटच्या इमारतीला असले काही होणार नाही, असे वाटत राहिले. २६ जानेवारी २००१ ला भूज हादरले आणि तिथून शेकडो किलोमीटरवरच्या अहमदाबादेत नव्या बहुमजली इमारती बसल्या. काही महिन्यांनी केंद्रात एका स्ट्रक्चरल इंजिनिअरने त्यांची चित्रे दाखवली. वरचे मजले अखंड, खिडकीतल्या कुंड्यांसकट, तळमजला नाहीसा. तळमजल्यावर पार्किंग म्हणून भिंती नाहीत, नुसते खांब. वरचा भाग भिंतींनी ताठ, खालचा लवचीक, आणि सगळी ओढाताण त्या खांबांच्या माथ्यावर. त्या वेळी माझ्या टेबलावर अगदी तशाच चार मजली इमारतीचे नकाशे पडले होते. त्या रात्री मी घरी जाऊन ते पुन्हा उघडले. दुसऱ्या दिवशी आमच्या इंजिनिअरबरोबर बसून जिन्याभोवती काँक्रीटच्या भिंती वाढवल्या, खांब मोठे केले. दोन गाड्यांची जागा गेली आणि मालकाची नाराजी पत्करली.

त्याच व्याख्यानातली एक बारीक गोष्ट आजही साइटवर गेलो की पहिली पाहतो. खांबातल्या सळयांभोवतीच्या रिंगेचे टोक काटकोनात वळवून सोडायचे नाही. १३५ अंशांत आतल्या काँक्रीटकडे वळवायचे. काटकोनातला आकडा धक्क्यात उघडतो, आत वळवलेला धरून ठेवतो. फरक बोटभर सळईचा. पण रिंग वाकवतो तो फिटर, आणि त्याला हे कोणी सांगितलेले नसते. म्हणून पुढे आम्ही काही शनिवारी फिटर आणि गवंडी यांनाच बोलावले. पहिल्या दिवशी ते मागच्या रांगेत बसले. एकाने विचारले, “साहेब, आत वळवायला वेळ जास्त लागतो, त्याचा दर कोण देणार?” त्या दिवशीचा सर्वांत नेमका प्रश्न तोच होता. त्यानंतर निविदेत त्या कामाचा दर वेगळा धरायला मी शिकलो.

अशा संध्याकाळी अलीकडे कमी होत आहेत, हे लिहिताना वाईट वाटते. सभागृहाचे भाडे, जेवण, पाहुण्यांचा प्रवास यांचा खर्च वाढला आणि तो उचलायला टाइल्सवाले, काचवाले, रंगवाले पुढे आले. नव्या मालाची माहिती हवीच. १९३७ च्या टाउन हॉलमध्येही ती होती. पण तेव्हा खोली आधी आणि सामान नंतर होते. आता कित्येकदा पूर्ण तास सामानाचा असतो आणि खोली कुठेच नसते. केंद्राच्या कार्यकारिणीत जे तरुण आहेत त्यांना माझे हक्काने सांगणे आहे: महिन्यातली एक संध्याकाळ तरी अशी ठेवा की जिथे कोणी काही विकत नाही. भज्यांवर भागवा, जमिनीवर सतरंजी घाला.

नियमांच्या अभ्यासाने मात्र केंद्रांना नवे बळ दिले. २ डिसेंबर २०२० ला मुंबई वगळता जवळपास अख्ख्या राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली मंजूर झाली. गावागावांचे वेगवेगळे नियम एका फटक्यात बाजूला पडले. करोनामुळे एकत्र जमणे शक्य नव्हते. तेव्हा घरोघरच्या पडद्यांवर रात्री उशिरापर्यंत सामासिक अंतरे, एफएसआय, जिन्याची रुंदी यांवर चर्चा चालल्या. तालुक्याच्या गावातला एकटा काम करणारा आर्किटेक्ट, ज्याला जिल्ह्याला यायचे तर दिवस मोडायचा, तो पहिल्यांदा सगळ्यांबरोबर बसला आणि त्याने विचारलेल्या शंकांनी मोठ्या शहरांतले लोकही गडबडले. तो पडदा पुन्हा बंद होऊ देऊ नये.

शहराशी बोलण्याची परंपरा आपल्या संस्थेबाहेरच्यांनीही पुढे नेली, याची नोंद इथे व्हायला हवी. २०१६ च्या आरंभी अर्बन डिझाइन रिसर्च इन्स्टिट्यूटने ‘स्टेट ऑफ आर्किटेक्चर’ हे स्वातंत्र्योत्तर वास्तुकलेवरचे मोठे प्रदर्शन मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात भरवले. त्याच्या जोडीने व्याख्याने आणि चर्चा झाल्या, आणि आपल्या व्यवसायाचे झाले काय, हा प्रश्न उघडपणे मांडला गेला. ते संग्रहालय म्हणजे पूर्वीचा सर कावसजी जहांगीर हॉल. १९११ मध्ये तो बांधला जॉर्ज विटेट यांनी.

आपले कार्यालय आज फोर्टमध्ये डी. एन. रोडवर, प्रॉस्पेक्ट चेंबर्सच्या ॲनेक्समध्ये आहे. जे. जे. ही त्याच रस्त्यावर. शाळेच्या फाटकातून निघायचे, बोरीबंदराची घड्याळे डावीकडे ठेवायची आणि कमानींच्या सावलीतून दक्षिणेकडे चालत राहायचे. पंधराएक मिनिटांची वाट. वर्ग सुटल्यावर हातात कागदांची गुंडाळी घेऊन या वाटेने व्याख्यानाला येणारी मुले मी अनेकदा पाहिली आहेत. ती मागे बसतात, आणि चहाच्या वेळी पुढच्या रांगेतल्या पांढऱ्या केसांच्या माणसाला गाठून विचारतात, “सर, तुमच्या त्या इमारतीत पाणी गळतं का हो?” तो माणूस कप खाली ठेवतो, कुणाकडून तरी पेन्सिल मागून घेतो आणि कागदी रुमालावर गच्चीच्या कडेचा छेद काढू लागतो.